नफा कुठे सरकतो आहे?

नव्या तंत्रज्ञानापुढे मोठमोठ्या कंपन्या का हरल्या, असे विचारले की एक तयार उत्तर मिळते : त्यांना भविष्य दिसले नाही. हे उत्तर सोपे आहे आणि बहुतेक वेळा चुकीचे आहे. ज्या तंत्रज्ञानाने एखादा धंदा बुडवला, ते त्याच धंद्याच्या प्रयोगशाळेत जन्मल्याची उदाहरणे इतिहासात भरपूर आहेत. तरीही भविष्यवेध म्हटला की उद्योजक अजून याद्याच मागतात : पुढच्या दहा वर्षांतली दहा तंत्रज्ञाने कोणती, कोणत्या क्षेत्रात शिरावे, कशापासून दूर राहावे. अशा याद्या पैसे मोजून मिळतात आणि त्यांतली निम्मीअधिक नावे खरीही ठरतात. अडचण अशी की तीच यादी प्रतिस्पर्ध्याच्या टेबलावरही असते. सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीतून एकट्याला फायदा होत नाही. नवे तंत्र आल्यावर गिऱ्हाईक कशाचे पैसे देणे थांबवेल, कशाचे देऊ लागेल, आणि त्या नव्या जागी आपल्या हाती विकण्यासारखे काय उरेल, हे ज्याने आधी तपासले तो तरला. भविष्यवेधाचे खरे काम हेच आहे, आणि ते यादी वाचून होत नाही.

घड्याळांची गोष्ट त्यासाठी नीट पाहण्यासारखी आहे. स्विस कंपन्यांनी एकत्र येऊन १९६२ मध्ये न्यूशातेल या गावी इलेक्ट्रॉनिक घड्याळांसाठी संशोधन केंद्र काढले आणि १९६७ पर्यंत मनगटी क्वार्ट्झ घड्याळाचे चालते नमुने तयार केले. बाजारात मात्र पहिले आले ते जपानच्या सेइकोचे ‘ॲस्ट्रॉन’, २५ डिसेंबर १९६९ रोजी. त्याची किंमत साडेचार लाख येन होती, म्हणजे त्या काळच्या एका छोट्या मोटारीइतकी. पुढच्या पंधरा वर्षांत क्वार्ट्झ इतके स्वस्त झाले की स्विस घड्याळ उद्योगातली सुमारे नव्वद हजार माणसे घटून तीस हजारांच्या आसपास आली. स्विस लोकांना क्वार्ट्झ माहीत नव्हते असे कोण म्हणेल? त्यांची फसगत वेगळ्या ठिकाणी झाली. ते पिढ्यान्‌पिढ्या अचूकता विकत होते. दिवसाला काही सेकंदांचीच चूक करणारे यांत्रिक घड्याळ बनवायला कसबी हात लागत, आणि गिऱ्हाईक त्या कसबाचे पैसे मोजत असे. क्वार्ट्झच्या स्फटिकाने अचूकता जवळजवळ फुकट करून टाकली. जी गोष्ट फुकट झाली तिच्यावर नफा राहत नाही. मग घड्याळात विकण्यासारखे काय उरले? १९८३ मध्ये ‘स्वॉच’ने एक उत्तर दिले : रंग, मौज आणि स्वस्ताई. महागड्या यांत्रिक घड्याळवाल्यांनी पुढे दुसरे दिले : प्रतिष्ठा आणि वारसा. दोन्ही उत्तरांत अचूकता कुठेच नव्हती, आणि स्विस उद्योग सावरला तो या दोन उत्तरांवर.

आपल्याकडे हीच गोष्ट जास्त स्पष्ट दिसते, कारण इथे दोन्ही स्पर्धकांच्या हाती एकच तंत्र होते. सरकारी एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटीझनच्या सहकार्याने बेंगळुरूत मनगटी घड्याळे बनवायला सुरुवात केली. दोन-तीन पिढ्यांचे पहिले घड्याळ एचएमटीचेच असे. परीक्षेत पास झालेल्या मुलाला, लग्नात जावयाला तेच दिले जाई. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एचएमटीने क्वार्ट्झ घड्याळेही काढली, पण तिचा कणा यांत्रिक घड्याळाचाच राहिला. १९८४ मध्ये टाटा समूह आणि तमिळनाडूच्या औद्योगिक विकास महामंडळाने मिळून टायटन स्थापन केली. होसूरला कारखाना उभा राहिला, आणि झर्क्सिस देसाई यांच्या नेतृत्वाखाली कंपनीने सारा भर क्वार्ट्झवर दिला. टायटनचे शहाणपण क्वार्ट्झ निवडण्यात थोडे आणि त्याचा अर्थ लावण्यात जास्त होते. अचूक वेळ सगळीकडे मिळू लागल्यावर घड्याळ हे यंत्र राहत नाही, तो दागिना होतो, भेटवस्तू होते, हे तिने ओळखले. म्हणून शेकडो नमुने, काचेची झगमगती दुकाने, मोझार्टच्या सुरावटीवरची जाहिरात, हे सगळे तंत्रज्ञानाइतकेच काळजीपूर्वक घडवले गेले. १९९०च्या दशकात याच विचारातून कंपनी ‘तनिष्क’च्या रूपाने दागिन्यांत उतरली, आणि आज तिच्या विक्रीचा सर्वांत मोठा वाटा दागिन्यांचा आहे. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये घेतला. सरकारी कंपनीच्या पायांत नियमांच्या बेड्या होत्या, हे खरे आणि ते विसरून चालणार नाही. पण त्या बेड्यांनी मुख्यतः एक गोष्ट रोखली : गिऱ्हाईक कशाचे पैसे देते आहे, हा प्रश्न नव्याने विचारणे.

या विषयावर बोलताना कोडॅकचे नाव टाळता येत नाही, पण तिची प्रचलित गोष्ट दुरुस्त करून सांगायला हवी. १९७५ मध्ये कोडॅकचा तरुण अभियंता स्टीव्ह सॅसन याने पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. वजन साडेतीन किलोहून अधिक, चित्र फक्त शंभर बाय शंभर ठिपक्यांचे, आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. साहेबांनी तो कपाटात ठेवला आणि कंपनी बुडाली, अशी ही गोष्ट सांगितली जाते. प्रत्यक्षात १९८१ मध्ये कोडॅकच्या व्हिन्स बराबा यांनी डिजिटल तंत्र फिल्मला कधी मागे टाकेल याचा कसून अभ्यास केला, आणि कंपनीच्या हाती सुमारे दहा वर्षांची उसंत आहे असा निष्कर्ष काढला. तो निष्कर्ष पुरेसा बरोबर होता. पुढे कोडॅकने डिजिटलवर प्रचंड पैसा ओतला, आणि २००५ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक डिजिटल कॅमेरे विकणारी कंपनी तीच होती. तरी जानेवारी २०१२ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. याचे कारण फिल्मच्या रचनेत आहे. फिल्म बनवणे कमालीचे अवघड होते. रसायनांचे अनेक सूक्ष्म थर अंधारात, एकसारख्या जाडीने, मैलोगणती पट्टीवर चढवायचे. जगात हे जमणाऱ्या कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्या, म्हणून नफाही भरघोस. डिजिटल कॅमेरा मात्र सुट्या भागांची जुळणी होता. सेन्सर, चिप, भिंग विकत आणून तो कोणालाही बनवता येई, म्हणून त्यात पहिला क्रमांक मिळवूनही हाती फारसे उरत नसे. आणि तेही टिकले नाही. डिजिटल कॅमेऱ्यांची जागतिक विक्री २०१०च्या सुमारास वर्षाला बारा कोटींच्या घरात पोचली आणि दहा वर्षांत एक कोटीच्याही खाली आली, कारण कॅमेरा फोनमध्ये शिरला. म्हणजे ‘कोडॅकने वेळेवर डिजिटल व्हायला हवे होते’ हा सल्ला तिने पूर्णपणे पाळला असता, तरी ती वाचलीच असती असे नाही.

फुजीफिल्मने वेगळा प्रश्न विचारला. शिगेताका कोमोरी २००० मध्ये अध्यक्ष झाले. त्याच वर्षी जगातली फिल्मची मागणी शिखरावर होती, आणि फोटोशी संबंधित वस्तू कंपनीला सुमारे साठ टक्के विक्री व दोनतृतीयांश नफा देत होत्या. पुढच्या दहा वर्षांत रंगीत फिल्मची मागणी शिखराच्या एकदशांशाहून खाली घसरली. फुजीनेही डिजिटल कॅमेरे बनवले, पण सगळी भिस्त त्यांवर ठेवली नाही. फिल्म बनवताना आपण नेमके काय शिकलो, याची तिने छाननी केली. फिल्मचा एक मोठा घटक जिलेटिन, आणि ते बनते कोलॅजेनपासून. त्वचेतही कोलॅजेन असते. फोटोचे रंग उडू नयेत म्हणून वापरायची ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये त्वचेच्या निगेलाही उपयोगी पडतात. यातून २००७ मध्ये ‘ॲस्टालिफ्ट’ ही सौंदर्यप्रसाधने आली. फिल्मच्या पट्टीसाठी लागणारा पारदर्शक पडदा एलसीडी टीव्हीच्या पडद्यात लागतो, हे ओळखून कंपनीने त्याच्या उत्पादनात मोठी गुंतवणूक केली, आणि टीव्हीची लाट आली तेव्हा तो माल पुरवणाऱ्या मोजक्यांत ती होती. रेणू जुळवण्याच्या कौशल्यावर ती औषधांत गेली आणि २००८ मध्ये तिने तोयामा केमिकल विकत घेतली. उलट कोडॅकने आपला रसायन विभाग आणि औषध कंपनी १९९४ मध्येच अंगाबाहेर काढून ‘आपण चित्रांचा धंदा करतो’ असे ठरवले होते. व्यवस्थापनशास्त्रात एकाग्रतेचे फार गोडवे गायले जातात. पण आपली ओळख वस्तूशी बांधली तर ती वस्तू जाताना आपल्यालाही घेऊन जाते. अर्थात फुजीलाही या बदलाची किंमत मोजावी लागली. फोटो विभागातल्या सुमारे पाच हजार माणसांना नोकऱ्या गमवाव्या लागल्या. यशोगाथा सांगणारे हा आकडा गाळतात. तो गाळू नये.

इथे एक रास्त आक्षेप येतो. नफा कुठे सरकेल हे कळले तरी कधी सरकेल हे कसे कळावे? वेळ चुकली तर बरोबर अंदाजही दिवाळे काढतो. बेंगळुरूची ‘रेवा’ ही विजेवर चालणारी छोटी मोटार २००१ मध्ये रस्त्यावर आली. विजेच्या गाड्यांचे युग येणार हा तिचा अंदाज शंभर टक्के खरा होता, आणि तरीही दहा वर्षांत ती काही हजारच विकली गेली. २०१० मध्ये महिंद्राने कंपनीचा मोठा हिस्सा घेतला. उशीर आणि घाई या दोन्हींची शिक्षा सारखीच असते. पण वेळेचा अंदाज अगदीच अंधारातला नसतो. १९३६ मध्ये थिओडोर राइट या अमेरिकी विमान अभियंत्याने दाखवून दिले की एखाद्या विमानाचे एकूण उत्पादन दुप्पट झाले की दर नगामागचे श्रम ठरावीक प्रमाणात, सुमारे एक पंचमांशाने, घटतात. पुढे सौर पॅनेलपासून बॅटऱ्यांपर्यंत अनेक वस्तूंना हा नियम कमीअधिक लागू पडला. लिथियम बॅटरीची किंमत २०१०मध्ये दर किलोवॉट-तासामागे हजार डॉलरच्या वर होती. २०२४ मध्ये ती ११५ डॉलरवर आली. ही घसरण एका रात्रीत झाली नाही. ती दर वर्षी छापून येत होती आणि कागदावर रेघ ओढणाऱ्या कोणालाही दिसत होती. रेवाच्या वेळी ही रेघ फार वर होती. आता ती कुठे आहे, हे कोणत्याही भविष्यवेत्त्यापेक्षा चांगले सांगते.

आणि ही रेघ सगळ्यांच्या हिशेबात एकाच दिवशी बसत नाही. भारतात २०२४-२५ मध्ये विकल्या गेलेल्या तीनचाकींपैकी निम्म्याहून जास्त विजेवरच्या होत्या, तर दुचाकींत हे प्रमाण शंभरात सहाच्या आसपास होते आणि मोटारींत त्याहूनही कमी. तंत्र एकच, देश एकच, मग एवढा फरक का? रिक्षा दिवसभर धावते. इंधनावर वाचणारा प्रत्येक रुपया चालकाच्या हातात रोज पडतो, म्हणून जास्त किंमत लवकर फिटते. घरची मोटार दिवसातले तेवीस तास उभी असते. म्हणून ‘विजेच्या गाड्या कधी येणार’ हा प्रश्न धंद्याच्या कामाचा नाही. ‘माझ्या गिऱ्हाइकाच्या वापरात हिशेब कधी जुळणार’ हा कामाचा आहे. त्याचे उत्तर गुणाकार-भागाकाराने मिळते, आणि दर सहा महिन्यांनी तो हिशेब पुन्हा मांडता येतो. अनुदान कमीजास्त झाले की उत्तर थोडे पुढेमागे होते. दुचाकींवरचे केंद्राचे अनुदान जून २०२३ मध्ये कापले गेले तेव्हा तसे झालेही. पण दिशा बॅटरीच्या किमतीने ठरते, अनुदानाने नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. हिशेब मांडता येतो तो एका तंत्राचा. प्रत्यक्षात अनेक तंत्रे, सरकारे, युद्धे एकमेकांत गुंतलेली असतात. मग काय धरून चालावे? याचे आजवरचे सर्वांत प्रामाणिक उत्तर शेल या तेल कंपनीत सापडले. १९७०च्या दशकाच्या आरंभी तिथे प्येर व्हाक आणि टेड न्यूलँड यांनी एकच भाकीत करण्याऐवजी अनेक भविष्यांची चित्रे रंगवायला सुरुवात केली. त्यांच्या एका चित्रात तेलाच्या भावाचा भडका होता, कारण उत्पादक देशांना उत्पादन वाढवत राहण्यात रस उरण्याचे कारणच नव्हते. ऑक्टोबर १९७३ नंतर काही महिन्यांत पिंपाचा भाव तीन डॉलरच्या आसपासून जवळजवळ बारा डॉलरवर गेला, तेव्हा शेलचे व्यवस्थापक गोंधळले कमी, कारण ते त्या परिस्थितीतून मनाने एकदा जाऊन आले होते. व्हाक गंगेचे उदाहरण देत : डोंगरात मुसळधार पाऊस पडला की खालच्या गावात पूर येणार हे भाकीत उरत नाही, ते आधीच घडून गेलेले असते, फक्त पाणी पोचायचे असते. राधानगरीत किती पाऊस झाला हे ऐकून पंचगंगेकाठची माणसे सामान माडीवर चढवतात, ते याच न्यायाने. धंद्यात असे आधीच घडून गेलेले काय आहे आणि खरोखर अनिश्चित काय आहे, यांची फोड करणे हे व्हाक यांचे मोठे देणे. बॅटरीची घसरलेली किंमत ही घडून गेलेली गोष्ट आहे. दहा वर्षांनी इथेनॉल, सीएनजी, हायड्रोजन यांपैकी कोणाचा किती वाटा असेल, हे खरोखर अनिश्चित आहे.

पुण्याची बजाज ऑटो या फोडीप्रमाणे वागताना दिसते. हीच कंपनी एकदा मोटारसायकलींच्या लाटेत मागे पडली होती. २००१ पर्यंत हिरो होंडा तिच्या पुढे निघून गेली. त्याच वर्षी आलेल्या ‘पल्सर’ने तिला सावरले. आज ती पेट्रोलवरची पल्सर विकते, विजेवरची ‘चेतक’ जानेवारी २०२० पासून विकते, आणि जुलै २०२४ मध्ये तिने सीएनजीवर चालणारी जगातली पहिली मोटारसायकल बाजारात आणली. एकाच वेळी तीन दिशांना पैसा घालणे हे डळमळीत मनाचे लक्षण वाटू शकते. जिथे अनिश्चितता खरी आहे तिथे तीच शिस्त असते, एका अटीवर : प्रत्येक प्रयोगाला किती पैसा, आणि काय दिसले तर तो वाढवायचा वा थांबवायचा, हे आधी लिहून ठेवलेले हवे. अट नसलेला प्रयोग हा खर्च असतो.

यावर लहान उद्योजकाचे म्हणणे ठाऊक आहे, आणि ते खोटे नाही : बजाजला तीन दिशा परवडतात, आम्हाला महिन्याचा पगार भागवायचा असतो. पण भविष्याचा सर्वांत मोठा धक्का याच थरावर बसणार आहे. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल परिसरात शेकडो फौंड्री आणि त्यांना जोडलेली मशिनशॉप आहेत; त्यांचा बराच माल वाहन आणि ट्रॅक्टरच्या इंजिनांत जातो. विजेच्या गाडीत सिलिंडर ब्लॉक नसतो, सिलिंडर हेड नसते, फ्लायव्हील नसते. ब्रेकचे ड्रम आणि डिस्क, चाकांचे हब, सस्पेन्शनचे भाग मात्र राहतात. ट्रॅक्टरमध्ये इंजिन आणखी बराच काळ राहील, कारण दिवसभर नांगरणाऱ्या यंत्राला पुरेल एवढी बॅटरी अजून जड आणि महाग आहे. पंप, व्हॉल्व्ह, पवनचक्क्या यांना कास्टिंग लागतच राहणार. म्हणजे ‘फौंड्री संपणार का’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. प्रत्येक फौंड्रीचे उत्तर तिच्या ऑर्डर-बुकात आहे. कोडॅकच्या व्यवस्थापकांकडे नसलेली एक सोय लहान मालकाकडे असते : वस्तू, गिऱ्हाईक आणि भट्टी ही तिन्ही त्याच्या एकाच डोक्यात असतात, आणि निर्णयाला समितीची बैठक लागत नाही.

म्हणून अशा प्रत्येक मालकाला एक विनंती आहे. गेल्या वर्षीच्या बिलांचे दोन ढीग करा : इंजिन गेले तर जाणारा माल, आणि इंजिन गेले तरी राहणारा माल. पहिल्या ढिगातला नफा एकूण नफ्याच्या किती टक्के आहे तो आकडा काढा. मग आपल्याला लोखंडाचा कोणता ग्रेड, किती पातळ भिंत, किती मापात धरता येते, हे कागदावर लिहा आणि दुसऱ्या ढिगातल्या गिऱ्हाइकांना ते दाखवून कोणत्या भागाचे कोटेशन हवे ते विचारा. पहिल्या ढिगाच्या नफ्यातला थोडा हिस्सा दर वर्षी त्या कामाच्या पॅटर्नसाठी आणि चाचण्यांसाठी बाजूला ठेवा. हे काम इंजिनाच्या ऑर्डरी भरपूर आहेत तोवर, म्हणजे या वर्षीच, सुरू करायला हवे. ऑर्डरी आटल्यावर बँक त्यासाठी पैसे देत नाही.